तिप्पव्वाचं कौतुक

चंद्रिकाच्या नजरेतून खोट सुटली, असं कारखान्यात आजवर कुणी पाहिलेलं नाही. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला शाळांचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे, तिथं ती चेकिंगला बसते. पुढ्यात शर्टांचा ढीग, हातात छोटी कात्री आणि खडू. कॉलर उलटी करायची, काजावरून अंगठा फिरवायचा, शिलाई ओढून बघायची. वाकडी निघाली की खडूची फुली आणि शर्ट परत मशीनवर. मशीनवरच्या बाया तिला टरकून असतात, आणि ती पाणी प्यायला उठली की मागं कुजबुजतात, "काय बाई तरी! बरं झालंय एवढं म्हणायला हिच्या जिवावर येतंय."

पण ह्याच बाईला मालकांनी सुपरवायझर हो म्हणून विचारलं, तेव्हा तिची पाचावर धारण बसली. "नको साहेब, मला न्हाय जमायचं. दुसऱ्या कुणाला बघा." एकदा नव्हे, दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी तर नाही म्हणून आली आणि ताप आल्याचं सांगून घरीच बसली. आता काय म्हणावं ह्याला? शेवटी त्या जागेवर दुसरी बाई आली आणि चंद्रिकाला सुटल्यासारखं झालं.

घरी तीच तऱ्हा. शेळगीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर आहे, नवरा भला आहे. नंदीशचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान, माणूस हसरा. पण लग्नकार्यात फोटो काढायचा म्हटलं की चंद्रिकाला स्वयंपाकघरात काहीतरी आठवणार आणि ती आत पळणार. नंदीशनं हौसेनं इरकल साडी आणली, तर "मला कुठलं शोभतंय" म्हणून ती कपाटात गेली ती गेलीच. "अगं, चांगली दिसतीयास की," तो म्हणायचा. तिला वाटायचं, टिंगल करतोय. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी तिला तसंच वाटायचं.

हे असं का, ते समजायला तिच्या माहेरी, मंद्रूपला जावं लागेल.

मंद्रूपला चंद्रिकाच्या वडिलांचं, गुरुबसप्पांचं, किराण्याचं दुकान होतं. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि भांडायचं झालं तर दोन्ही. चंद्रिकाच्या आधीची दोन लेकरं गेलेली. म्हणून ही जन्मली तेव्हा तिकडं जसं करतात तसं सगळं केलं. लेकराला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं, आणि आईनं ओंजळभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घेतलं. टाकून दिलेल्या लेकरावर कुणाचा डोळा जात नाही, अशी समजूत. नावही तसंच ठेवलं, तिप्पव्वा. कानडीत तिप्पे म्हणजे उकिरडा. शाळेत घालताना मास्तरांनी चंद्रिका लिहिलं, पण घरात ती तिप्पीच राहिली.

नावाचं तिला काही वाटत नव्हतं. गल्लीत तसल्या नावांची आणखी पोरं होती. पण त्यांच्या आया त्यांना पोटाशी धरून "माझं सोनं" म्हणायच्या, आणि चंद्रिकाची आई शरणम्मा म्हणायची, "तोंड बघ कसं, तव्याचं बूड!" म्हणायची, "हात हायत का खुरपी?" चौथीत पोरगी वर्गात पहिली आली. दप्तर उडवत, धापा टाकत घरी आली. शरणम्मा अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली, खाली घातली, आणि म्हणाली, "बाकीची पोरं काय आजारी होती व्हय?" पोरीचा चेहरा एवढासा झाला. पुढं ती पहिली आली तरी घरात सांगेनाशी झाली, आणि मग हळूहळू पहिली येईनाशीच झाली.

बाप काही बोलेल, तर तेही नाही. गुरुबसप्पा कडक माणूस. पोरांनी समोर उभं राहून बोलायचं नाही, विचारायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. त्यांना काही सांगायचं असलं की ते बायकोला सांगत, आणि बायको ते आपल्या पद्धतीनं पोरीच्या अंगावर घालत असे. त्या घरात पोरीला स्वतःबद्दल जे काही कळलं, ते आईच्या तोंडून कळलं. दुसरं कुणी बोललंच नाही, मग तेच खरं ठरलं.

बरं, ही आई सावत्रासारखी वागायची का? मुळीच नाही! दुधावरची साय तिप्पीच्याच भाकरीवर पडायची. पोरीला शिंक आली की शरणम्माचा जीव वरखाली व्हायचा, ती देवाला नवस बोलायची. पण साय खाल्ली की संपते, आणि "तव्याचं बूड" मात्र जन्मभर कानात राहतं. लेकराला कुठलं कळणार की हात एक सांगतोय आणि तोंड दुसरंच?

नंदीशकडची माणसं बघायला आली, तेव्हा तर कहर झाला. शरणम्मा पाहुण्यांच्या तोंडावर म्हणाली, "काळी हाय, डोक्यानं दड्ड हाय, हाताला चव न्हाय. मागनं म्हणू नका, सांगितलं न्हाय म्हणून." पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. आत पोह्यांची ताटली धरून उभ्या असलेल्या पोरीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. नंदीश हसला आणि हो म्हणाला. आपल्याला तो का हो म्हणाला, हे चंद्रिकाला आजतागायत उमगलेलं नाही. दया आली असेल, असं ती धरून चालते.

गुरुबसप्पा गेल्यावर चंद्रिकानंच आईला सोलापूरला आणलं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ खाट टाकली. शरणम्मा थकली होती, पायाला सूज, बसल्या जागी धाप. डॉक्टरांनी नंदीशला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय मोठं झालंय, आता जितके दिवस जातील तितके आपले. चंद्रिकानं ते ऐकलं आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: आता ही जाणार, आणि मला एकदाही चांगलं म्हणाली नाही.

त्या दिवसापासून तिला तेवढंच एक लागून राहिलं. एक शब्द. मरणाआधी आईच्या तोंडून, आपल्या तोंडावर, एकच. त्यासाठी तिनं काय काय करावं! कारखान्यातून अर्ध्या सुट्टीत घरी यायची. आईला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, कपाळाला विभूती लावायची. शेंगांची आमटी आईला आवडते तशी करायची आणि खाटेशेजारी बसून विचारायची, "कशी झालीय गं, अव्वा?"

"मीठ कमी हाय," शरणम्मा म्हणायची. आणि वाटी चाटूनपुसून साफ करायची.

चंद्रिकाला एक मुलगी, संस्कृती, बारावीला. खो-खो खेळते, अंगानं काटक, बोलायला तिखट. ह्याच दिवसांत एका संध्याकाळी ती उड्या मारत घरात आली. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली होती. "मम्मी! झाली निवड!" चंद्रिकाला आतून असं भरून आलं म्हणता! तिनं पोरीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "गुडघा बघ कसा फोडून घेतलायस. आधी पाय धू जा." संस्कृती पाय धुवायला गेली. खाटेवरून शरणम्मानं नातीकडं बघितलं, मग लेकीकडं बघितलं, आणि भिंतीकडं तोंड केलं.

मग एक दिवस मंद्रूपहून जगदेवी मावशी आली, शरणम्माची धाकटी बहीण. थोरलीला बघून डोळे पुसले, आणि चहा ठेवायला म्हणून चंद्रिकाच्या मागं स्वयंपाकघरात आली. इकडचं तिकडचं बोलताना सहज म्हणून गेली, "नशीबवान हाय अक्का. गावात सारखं म्हणायची, माझ्या चंद्रिकासारखी लेक कुणाच्या पोटी न्हाय. बाजारात बसली की तुझंच पुराण. लेक अशी शिवती, लेक तशी रांधती, जावयाचं घर लेकीनं उभं केलं. ऐकून ऐकून आमचे कान किटले बघ."

चंद्रिकाच्या हातातली सांडशी तशीच राहिली. "कोण म्हणायचं? अव्वा?"

"मग कोण? तुला ठाव न्हाय व्हय?" जगदेवीनं जीभ चावली. पण आता बाहेर पडलं ते पडलं. ती खाली बसली आणि सांगायला लागली. चंद्रिकाच्या आधीची थोरली, धनलक्ष्मी. दीड वर्षाची, गोरी, गुबगुबीत, जो बघेल तो उचलून घ्यायचा. जत्रेत साऱ्या बायांमध्ये शरणम्मानं तिला मांडीवर उभी केली आणि मोठ्यानं म्हणाली, असलं लेकरू चार गावांत दाखवा मला. आठ दिवसांत तापानं पोरगी गेली. तिच्यामागं मुलगा झाला, तो बाळसं धरायच्या आतच गेला. शरणम्माच्या डोक्यानं घेतलं, आपल्याच तोंडानं लेकरू खाल्लं. "मग तू झालीस. कोंड्यावर तुला विकत घेतली, अंघोळ केली, आणि गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन शपथ घातली तिनं स्वतःला. ह्या तोंडानं ह्या लेकराला तोंडावर कधी चांगलं म्हणणार न्हाय. मी तितंच हुते की."

लिंगायताच्या घरात इष्टलिंग हातावर घेऊन केलेलं बोलणं म्हणजे काय, ते चंद्रिकाला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. ते मोडत नसतं.

कुणाला वाटेल, ऐकून तिला बरं वाटलं असेल. कसलं बरं! तिला संताप आला. असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. "मग मला सांगायचं तरी की! कुणीतरी सांगायचं! तू तरी!"

"सांगितलं असतं तर तोंडावर म्हटल्यासारखंच की ते," जगदेवी म्हणाली. तिच्या आवाजात जरासुद्धा शंका नव्हती. गावातल्या साऱ्या बायांनी मिळून चाळीस वर्षं एक गोष्ट जपली होती, आणि जिच्यासाठी जपली तिलाच तेवढी ती सांगितली नव्हती.

मावशीला एसटीत बसवून चंद्रिका परत आली. दुपार होती. संस्कृती आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. चंद्रिका आईच्या खाटेवर बसली. "अव्वा, मावशीनं सांगितलं मला."

शरणम्मानं डोळे मिटले. "जगीच्या तोंडाला कवाच कडी न्हवती."

"एकदा म्हण मला. माझे केस पांढरे झाले, अव्वा. आता काय व्हायचं हाय मला? एकदा म्हण, मग मी काय बी मागणार न्हाय."

म्हातारीचा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला. "न्हाय."

"का न्हाय?"

"गाडीवर बसून जातीस. रस्त्याला ट्रक धावतेत. कारखान्यात मशिनी हायत. कशानं बी काय बी हुईल. आन नजर लागली तर मी मेल्यावर मधी कोण पडणार हाय?"

"अगं, चांगलं म्हटल्यानं माणूस मरत न्हाय!"

"माझी मेली की," शरणम्मा म्हणाली.

चंद्रिकाच्या मनात साचलेलं होतं ते थांबेना. "आन मी? मी कसे दिवस काढले, बघितलंस का तू? आरशापुढं उभं राहायची लाज वाटती मला. नवरा चांगला बोलला तर त्याचा राग येतो. चार माणसांत मान वर होत न्हाय. मालकानं जागा दिली ती मी लाथाडली. उकिरडा हाय मी, असं खरंच वाटतं मला, अव्वा! खरंच वाटतं!"

शरणम्मानं डोळे उघडले. लेकीचं तोंड तिनं कितीतरी वेळ नीट न्याहाळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. ओठ हलले. चंद्रिका पुढं वाकली.

"जगलीस न्हवं?" शरणम्मा म्हणाली.

तेवढंच. त्या म्हातारीच्या लेखी सगळा जमाखर्च तिथं मिटला होता. चंद्रिका उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. थोड्या वेळानं बाहेरून हाक आली, "तिप्पी, ए उकिरड्या, पाणी दे." तिनं तोंड धुतलं आणि पाणी नेऊन दिलं.

पुढं दहा-बारा दिवसांत शरणम्मा गेली. सकाळी चंद्रिका चमच्यानं दूध पाजत होती. "साय आलीय दुधात, गाळता बी येत न्हाय तुला," म्हातारी म्हणाली. दुसरा चमचा तोंडातच राहिला.

मंद्रूपला नेऊन, लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बसवून, गुरुबसप्पांच्या शेजारी शेतात तिला माती दिली. त्यानंतर माणसं भेटायला यायला लागली. ओसरीत चंद्रिका बसलेली, आणि येईल ती बाई तिचा हात हातात घेऊन तेच सांगायची. तुझी आई म्हणायची, माझ्या लेकीच्या हातची आमटी खाऊन बघा. तुझी आई म्हणायची, माझी चंद्रिका चौथीत पहिली आलेली. म्हणायची, किती देखणी निघालीय लेक. भाजीवाली सांगून गेली, पिठाच्या गिरणीवाला सांगून गेला, ज्यांची नावंही चंद्रिकाला आठवत नव्हती असल्या बायांनी सांगितलं. आता शरणम्मा नव्हती आणि शपथही संपली होती, त्यामुळं सगळं गाव मोकळं झालं होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी ती झुरली, ते तीन-चार दिवसांत ढिगानं तिच्या पुढ्यात पडलं. चंद्रिका मान हलवत होती. आणि तिला वाटत होतं, ही माणसं भलत्याच कुठल्या बाईबद्दल सांगताहेत. तिला त्यातलं एक अक्षर आपलं वाटेना. ऐकायचं वय निघून गेलं होतं, म्हणा.

क्रियाकर्म उरकून ते सोलापूरला परतले. नंदीश दुकानाकडं गेला. मायलेकी पुढच्या खोलीत अज्जीची लुगडी घडी घालून ठेवत होत्या. खाट रिकामी होती.

"अज्जी किती बोलायची गं तुझ्याबद्दल," संस्कृती म्हणाली.

चंद्रिकानं हातातलं लुगडं मांडीवर ठेवलं, आणि मग तिला आवरेना. "साऱ्या गावाला सांगितलं. मला एकदा म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? एक शब्द गं. मला लई नको हुतं. एकच."

आईला रडताना संस्कृती बघत होती, पण जवळ आली नाही. त्या दुपारचं सगळं बोलणं आतल्या खोलीतून तिनं ऐकलं होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अज्जीला शपथ होती. तुला कसली होती, मम्मी?"

चंद्रिकाला आधी कळलंच नाही.

"माझी निवड झाली तेव्हा तू कारखान्यात पेढे वाटलेस," संस्कृती म्हणाली. "तुझ्याबरोबरच्या एका काकूंनी रस्त्यात थांबवून सांगितलं मला. म्हणाल्या, तुझी आई दिवसभर तुझंच कौतुक करत होती. आणि मला तू म्हणालीस, पाय धू. मी त्या दिवशी पाय धुताना रडले. मला वाटतं, मी काही केलं तरी तुला त्यातलं वाकडंच दिसणार. मला तर आता खेळताना पण तेच वाटतं."

चंद्रिकानं कुठं शपथ घातली होती? कुठलं लेकरू तिच्या बोलण्यानं गेलं होतं? काही नाही. आईनं जीव मुठीत धरून, छातीवर धोंडा ठेवून जे केलं होतं, ते हिनं फुकट, नुसत्या सवयीनं केलं होतं. शरणम्माला निदान माहीत तरी होतं की आपण काय करतोय.

"कसलीच न्हवती," ती म्हणाली.

मग ती बोलायला गेली. खरोखरची भीती वाटली तिला. रस्त्यावरचे ट्रक आठवले, मैदानावरचं पडणं आठवलं. आईला काय वाटत असेल ते तेव्हा तिला कळलं. तरी तिनं पोरीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "तू चांगली खेळतीस. लई चांगली खेळतीस. आन गुणाची हायस. मला तुझा अभिमान हाय."

संस्कृतीनं तोंड फिरवलं. "मी विचारलं म्हणून म्हणतीयेस तू आता."

पोरीला खरं वाटत नव्हतं. चंद्रिकाला ते नीट ओळखू आलं, कारण ती स्वतः नंदीशला आणि साऱ्या मंद्रूपला मनातल्या मनात हेच उत्तर देत आली होती. एकदा म्हणून भागणार नव्हतं. तिनं मनगट सोडलं नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.